कॅन्सर आटोक्याबाहेर गेल्यावर घरी पेशंटला कसं सांभाळायचं

डॉक्टर म्हणतात "आता केमोचा उपयोग होणार नाही" आणि घरच्यांच्या कानात शिरतं "आता काहीच करता येणार नाही". ही दोन वाक्यं एक नाहीत. गाठ लहान करायची औषधं संपली एवढाच त्याचा अर्थ, दुखणं, उलटी, दम, झोप न येणं, भीती यांच्यावरची औषधं काही संपलेली नसतात, आणि इथून पुढचं निम्मं काम तर घरातल्या माणसांच्याच हातात असतं. मी हे दोनदा केलंय, आधी बाबांचं आणि काही वर्षांनी मावशीचं. बाबांच्या वेळी आम्ही जवळपास सगळंच चुकवलं, मावशीच्या वेळी त्यातलं बरंच जमलं, ते सगळं इथे लिहितेय. मी डॉक्टर नाही, त्यामुळे औषध आणि डोस तुमच्या डॉक्टरांनाच विचारायचा. पण नेमकं काय विचारायचं हेच आपल्याला माहीत नसतं ना, घोडं तिथेच अडतं.

सगळ्यात आधी पॅलिएटिव्हवाले गाठा

पॅलिएटिव्ह केअर (म्हणजे आजारापेक्षा पेशंटचा त्रास कमी करण्यावर भर देणारे उपचार) म्हटलं की लोकांच्या पोटात गोळा येतो, म्हणजे आता मरायलाच सोडलं असं वाटतं. आमच्याकडेही बाबांच्या वेळी तेच, "इतक्यात कशाला" म्हणत म्हणत शेवटचा आठवडा उजाडला. खरं तर ते जितकं लवकर तितकं बरं. २०१० साली फुफ्फुसाच्या पसरलेल्या कॅन्सरच्या १५१ पेशंटवरचा एक अमेरिकन अभ्यास छापून आला होता, त्यात ज्यांना आजार कळल्या कळल्या नेहमीच्या उपचारांबरोबर पॅलिएटिव्ह टीमही जोडून दिली त्यांना नैराश्य कमी आलं, शेवटी शेवटी नुसते त्रासदायक उपचार कमी झाले, आणि तरीही ते जास्त जगले, मध्यक (म्हणजे निम्मे पेशंट ज्याहून जास्त जगले तो आकडा) ११.६ महिने विरुद्ध ८.९ महिने. एकाच आजारावरचा एकच अभ्यास आहे, त्यावरून कुणी आयुष्याचं गणित मांडू नका, पण "तिकडे गेलं की माणूस लवकर जातो" हा समज मात्र सोडून द्या.

आणि या टप्प्यावर रेडिएशन किंवा छोटी प्रोसिजर सुचवली तर गोंधळून जाऊ नका. हाडात गेलेल्या कॅन्सरचं दुखणं कमी करायला बऱ्याचदा रेडिएशनचा एकच डोस देतात, पोटात किंवा छातीत साठलेलं पाणी काढतात, अडलेल्या जागी स्टेंट (वाट उघडी ठेवणारी बारीक नळी) टाकतात. हे सगळं आराम पडावा म्हणून असतं, बरं करण्यासाठी नाही. त्यामुळे प्रत्येक वेळी सरळ विचारायचं की याने नेमका कोणता त्रास कमी होईल, किती दिवसांत होईल, आणि नाही केलं तर काय होईल. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर "फारसा फरक नाही" असं आलं तर हॉस्पिटलची ती एक फेरी वाचवा.

त्याच भेटीत अजून दोन गोष्टी कागदावर लिहून घ्या. एक म्हणजे रात्री-अपरात्री फोन कुणाला करायचा, आणि दुसरी, श्वास थांबला तर छाती दाबून किंवा मशीनवर घालून प्रयत्न करायचे का नाही. दुसरा विषय काढायला जीभ रेटत नाही, मला माहीत आहे, पण तो पेशंट शुद्धीवर असताना त्याच्याशी बोलूनच ठरायला हवा, पहाटे ॲम्ब्युलन्सच्या दारात उभं राहून नाही.

दुखणं: घड्याळ बघून औषध द्यायचं

आमची सगळ्यात मोठी चूक इथे झाली. बाबा "दुखतंय" म्हणाले की गोळी, नाही म्हणाले तर नाही. दिसायला शहाणपणाचं आहे पण चुकीचं आहे, कारण दुखणं एकदा डोक्यावर चढलं की ते उतरवायला जास्त औषध आणि जास्त वेळ लागतो, आणि मधले ते दोन तास माणूस नुसता पलंगाची कड धरून बसतो. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्ये कॅन्सरच्या दुखण्यासाठी जी पद्धत सांगितली तिच्यात हेच होतं: शक्यतो तोंडाने, घड्याळाप्रमाणे, आणि दुखण्याच्या तीव्रतेप्रमाणे पायरी चढत. मॉर्फिन हे जोरदार दुखण्यावरचं औषध, साधं मॉर्फिन साधारण चार तास टिकतं, हळूहळू सुटणारी गोळी बारा तास. ही बारा तासांची गोळी कधीही कुटून किंवा चावून द्यायची नाही हां, सगळं औषध एकदम अंगात जातं.

नेहमीच्या डोसशिवाय मध्येच कळ आली तर द्यायचा एक जादा डोस डॉक्टर लिहून देतात, नसेल दिला तर मागून घ्या. अंघोळ घालायच्या किंवा कूस बदलायच्या आधी अर्धा तास तो दिला की ते काम सुसह्य होतं. दिवसातून तीन-चार वेळा जादा डोस लागायला लागला तर त्याचा अर्थ मूळ डोस कमी पडतोय, फोन करा आणि आकडे सांगा. आकडे सांगता यावेत म्हणून एक वही ठेवा, मावशीची वही अशी होती: वेळ, दुखणं दहापैकी किती, काय दिलं, अर्ध्या तासाने किती. "फार दुखतंय हो" म्हटलं की डॉक्टर समजून घेतात, पण "काल रात्री दोनला आठ होतं, डोस दिल्यावर सहा, पाचला परत आठ" म्हटलं की तिथल्या तिथे डोस बदलून मिळतो.

दुखण्याची जातही सांगा. ठसठस, जळजळ, करंट लागल्यासारखं, पोटात पिळवटल्यासारखं, या सगळ्यांना एकच औषध चालत नाही. करंटसारखं किंवा मुंग्या येऊन जळजळतं ते नसांचं असतं, त्याला वेगळ्या गोळ्या जोडतात, आणि सूज असेल तर स्टेरॉइड. स्टेरॉइड सकाळीच द्यायचं, संध्याकाळी दिलं तर पेशंट रात्रभर टक्क जागा आणि तुम्हीही.

मॉर्फिनची भीती

बाबांची मॉर्फिनची बाटली चार दिवस कपाटावर सीलबंद पडून होती. काका म्हणाले सवय लागेल, आत्या म्हणाली एकदा हे सुरू झालं की संपलंच, आणि मी मध्ये उभी. चौथ्या रात्री तीन वाजता बाबांनी उशीचा कोपरा दातात धरलेला बघितला आणि मी कुणाला न विचारता सील फोडलं. चाळीस मिनिटांनी ते घोरत होते. ते चार दिवस मी अजून विसरलेली नाही.

तर भीतीबद्दल. दुखण्यासाठी सांगितल्याप्रमाणे घेतलेल्या मॉर्फिनचं व्यसन लागण्याची शक्यता या पेशंटमध्ये खूपच कमी असते. शरीराला सवय होते हे खरं, म्हणून ते अचानक बंद करायचं नाही, पण ती वेगळी गोष्ट. योग्य डोसने मरण ओढवत नाही. सुरुवातीचे दोन-तीन दिवस गुंगी येते, कधी मळमळतं, ते बहुतेक वेळा आपोआप कमी होतं, मळमळीचं औषध आधीच हाताशी ठेवायचं. मात्र हाका मारूनही माणूस जागा होत नाही, श्वास एकदम मंद झालाय, अंगाला झटके येतायत किंवा नसलेलं दिसायला लागलंय, तर पुढचा डोस थांबवून लगेच फोन. किडनी नीट काम करत नसेल तर मॉर्फिन अंगात साठतं, त्यामुळे लघवी कमी व्हायला लागली की कळवत राहायचं.

पॅच, म्हणजे कातडीवर चिकटवायची औषधाची पट्टी, लावला असेल (फेंटानिल या दुखण्यावरच्या जोरदार औषधाचा असतो, साधारण तीन दिवसांनी बदलतात) तर पहिल्यांदा लावल्यावर पूर्ण असर यायला अर्धा ते एक दिवस लागतो, मधल्या वेळात काय द्यायचं ते विचारून ठेवा. त्यावर गरम पाण्याची पिशवी ठेवायची नाही, औषध भसकन अंगात जातं.

पोट साफ होणं

हा विषय कुणाला सांगायला आवडत नाही पण दुखण्याच्या खालोखाल माणूस यानेच हैराण होतो. मॉर्फिनची मळमळ जाते, गुंगी जाते, बद्धकोष्ठ जात नाही. म्हणून मॉर्फिनच्या पहिल्या दिवसापासूनच पोट साफ करणारं औषध रोज, त्रास व्हायची वाट बघायची नाही. पाण्यात कालवायच्या फायबरच्या पावडरी इथे कामाच्या नाहीत, पेशंट पाणीच कमी पितो आणि ती पावडर आत जाऊन घट्ट होऊन बसते. तीन दिवस झालं नाही तर फोन. आणि एक फसवी गोष्ट म्हणजे बरेच दिवस झालेलं नसताना अचानक पातळ थोडं थोडं व्हायला लागतं, आपण जुलाब समजून थांबवायची गोळी देतो, खरं तर आत खडा अडकलेला असतो आणि त्याच्या कडेने पाणी झिरपत असतं. मावशीला नर्सने हे तपासून सांगितलं तेव्हा आमची ट्यूब पेटली.

जेवणावरून भांडू नका

मावशी आयुष्यभर दुसऱ्यांना वाढत आलेली बाई, ती खात नाही हे घरात कुणाला सहनच होईना. रोज चमचा घेऊन कुणीतरी बसलेलं, "एकच घास, माझ्यासाठी". एके दिवशी दारात माझ्या पावलांचा आवाज आला आणि तिने डोळे मिटून झोपल्याचं सोंग केलं, ओठ घट्ट. मी चमचा मागे लपवला, तर एक डोळा किलकिला करून बघितलं तिने. त्या दिवसापासून चमचा बंद. विचारायचं, दोन चमचे हवंय का, नाही म्हणाली तर विषय संपला.

यात वैद्यकीय कारण आहे. पुढच्या टप्प्यात कॅन्सर शरीराचा सगळा कारभारच बदलतो, खाल्लेलं अंगी लागत नाही, भूक मेंदूतूनच बंद होते. माणूस खात नाही म्हणून आजार वाढतोय असं नसतं, आजार वाढलाय म्हणून खात नाही. जबरदस्तीने भरवलं तर उलटी होते किंवा ठसका लागून अन्न फुफ्फुसात जातं. लहान वाटीत थोडं, त्याला हव्या त्या वेळी, वास कमी येईल असं गार किंवा कोमट, आणि पथ्यबिथ्य आता सोडा. शुगर अगदीच हाताबाहेर जाणार नाही एवढं डॉक्टरांना विचारून ठेवा, बाकी मागेल ते द्या.

सलाईनचंही तेच. शेवटच्या दिवसांत सलाईन लावलं की आपल्याला काहीतरी केल्याचं समाधान मिळतं, पण शरीर ते पाणी वापरू शकत नाही, पाय सुजतात, छातीत पाणी वाढून घरघर वाढते. कोरड पडते ती तोंडाला, त्यामुळे उपायही तोंडालाच करायचा: ओल्या स्पंजने किंवा मऊ ब्रशने दर दोन तासांनी तोंड पुसणं, बर्फाचा लहानसा तुकडा चोखायला, ओठांना मलम. जिभेवर पांढरे थर दिसले तर ती बुरशी असू शकते, तिला औषध असतं आणि ते घेतल्यावर काही जण चक्क परत खायला मागतात.

दम लागणं, पाठ, वास

दम लागला की पेशंटपेक्षा घरचे जास्त घाबरतात आणि ते बघून पेशंटचा दम अजून वाढतो. खोलीतली गर्दी कमी करा, पाठीला उशा देऊन बसतं करा किंवा समोर टेबलावर उशी ठेवून तिच्यावर वाकू द्या, आणि हातातला छोटा पंखा गालाकडे, नाकाकडे धरा. ऐकायला पोरकट वाटतं पण चेहऱ्यावरच्या वाऱ्याने दम लागल्याची जाणीव खरंच कमी होते. ऑक्सिजनचा फायदा मुख्यतः रक्तातला ऑक्सिजन कमी असेल तेव्हाच होतो, नाहीतर नुसती नाकात नळी. याच मॉर्फिनचा छोटा डोस दमासाठीही देतात, तेव्हा "दुखत नाही मग कशाला" म्हणून थांबवू नका.

पाठ सांभाळायची म्हणजे झोपून झोपून जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन-तीन तासांनी कूस बदलायची, पूर्ण कुशीवर नाही, पाठीमागे उशी लावून थोडंसं तिरकं. टाचा, माकडहाड, खुबे रोज उजेडात बघायचे. लाल झालेली जागा चोळायची नाही, आपल्याला चोळायची फार सवय असते, पण त्याने आतली कातडी फाटते. वर ओढताना काखेत हात घालू नका, खाली एक आडवी चादर घालून ठेवा आणि दोघांनी दोन बाजूंनी धरून उचला, पेशंटला त्रास कमी आणि तुमची कंबर शाबूत.

जखमेला वास येत असेल तर लाजू नका, सांगा. मेट्रोनिडाझोल नावाचं साधं औषध जखमेवर लावून तो बराच कमी होतो, कोळशाचे ड्रेसिंगही मिळतात. बाबांना शेवटी भेटायला येणाऱ्यांची लाज वाटायची ती वासामुळे, आणि यावर औषध असतं हे आम्हाला ते गेल्यावर कळलं.

हे दिसलं तर थांबायचं नाही

पाठीत नवीन दुखणं, खोकलं की वाढतं, आणि पायातली ताकद कमी वाटतेय किंवा लघवी-शौचाचं समजत नाही: मणक्यातली दोरी दाबली जात असू शकते. त्याच दिवशी गाठा, उद्यावर ढकललं तर पाय परत येत नाहीत. चेहरा आणि मान सुजून दम, अचानक गोंधळ आणि बेसुमार तहान (रक्तात कॅल्शियम वाढलेलं असतं कधीकधी), केमो नुकतीच झाली असताना ताप, हेही तसंच. गोंधळून बडबडायला लागलं की "आता डोक्यात गेलं" म्हणून सोडून देऊ नका, आधी लघवी तुंबलीय का, पोट साफ आहे का, ताप आहे का, नवीन गोळी सुरू झालीय का ते बघायचं. मावशी एकदा रात्रभर भिंतीवरच्या माणसांशी भांडली, सकाळी कॅथेटर (लघवीची नळी) घातल्यावर तासाभरात शांत.

गाठ मोठ्या रक्तवाहिनीजवळ असेल तर एकदम रक्तस्राव होऊ शकतो का हे धीर करून विचारा. उत्तर हो असेल तर गडद रंगाचे दोन-तीन टॉवेल पलंगाजवळ ठेवा. पांढऱ्यावर ते रक्त फार दिसतं, पेशंटलाही.

सांगायचं का नाही

यावर आमच्या घरात मोठी भांडणं झाली. बाबांना शेवटपर्यंत "अल्सर आहे" सांगितलं, त्यांना सगळं माहीत होतं, आम्हाला माहीत होतं की त्यांना माहीत आहे, आणि तरी दोन महिने सगळ्यांनी नाटक केलं. बँकेची कागदपत्रं, कुणाकडून येणं होतं, कुणाशी बोलायचं राहिलं होतं, सगळं त्यांच्याबरोबर गेलं. मावशीला विचारलं, "तुला किती सांगू?" तर म्हणाली, "औषधाचं सांग, महिने सांगू नकोस." झालं, एवढंच पुरे होतं. किती ऐकायचं ते त्यांना ठरवू द्या, आणि विचारलं तर खोटं बोलू नका.

लंडनमध्ये १९६७ साली सेंट क्रिस्टोफर्स हॉस्पिस (शेवटच्या टप्प्यातल्या पेशंटची काळजी घेणारी संस्था) सुरू करणाऱ्या सिसिली सॉन्डर्स आधी नर्स होत्या, मग समाजसेविका, मग डॉक्टर झाल्या. त्यांनी मांडलेली कल्पना अशी की दुखणं फक्त शरीराचं नसतं, मनाचं, माणसांचं, पैशाचं, "माझ्याच वाट्याला का" याचंही असतं, आणि एक चिघळलं की दुसरं वाढतं. मावशीचं दुखणं एका आठवड्यात चारवरून सातवर गेलं, डोस वाढवूनही उतरेना, शेवटी कळलं की धाकट्या भावाशी अबोला होता. तो येऊन दोन तास बसून गेला. वहीत त्या रात्री तीन लिहिलंय, डोस तोच.

लहान मुलांनाही सांगा, सोप्या शब्दांत, आणि "झोपली" वगैरे म्हणू नका, मग ती पोरं झोपायला घाबरतात.

सांभाळणाऱ्याने रात्रपाळ्या वाटून घ्यायच्या. "काही लागलं तर सांग" म्हणणाऱ्यांना तिथल्या तिथे काम द्या, मंगळवारी दुपारी दोन ते पाच तू बस. जे खरंच येतात ते येतात, बाकीचे म्हणायचं बंद करतात, दोन्ही फायद्याचं.

शेवटचे दिवस

जवळ आलं की माणूस जास्त वेळ झोपतो, लघवी कमी आणि गडद होते, हातपाय गार पडतात, गुडघ्यांवर निळसर जाळी दिसते, श्वास भराभर चालतो मग अर्धा मिनिट थांबतो मग परत सुरू होतो. घशात घरघर येते, ती ऐकवत नाही, पण बेशुद्धीत असलेल्या माणसाला तिचा त्रास होत नसावा असंच डॉक्टर मानतात. कुशीवर वळवा, नळी खोल घालून खेचत बसू नका. गिळता येईनासं झालं की गोळ्या बंद, पण दुखण्याचं औषध बंद नाही, ते कातडीखालच्या बारीक सुईतून देता येतं, ही सोय दोन-चार दिवस आधीच करून ठेवायची. बीपी, शुगर, रक्त तपासणं सगळं थांबवा. बोलत राहा, ऐकू येत असण्याची शक्यता बरीच असते, निदान पलंगाशेजारी हिशेबाची भांडणं तरी नकोत.

श्वास थांबल्यावर लगेच काही करायचं नसतं. ॲम्ब्युलन्स नको, धावपळ नको, वेळ बघून ठेवा आणि हवं तितकं बसा. मग डॉक्टरांना फोन, मृत्यूचा दाखला त्यांनीच द्यायचा असतो. पॅच असेल तर तो कसा काढायचा आणि टाकायचा ते त्यांना विचारा, वापरलेल्या पॅचमध्येही औषध उरतं आणि घरात लहान मुलं असतात. उरलेलं मॉर्फिन कचऱ्यात किंवा शेजारच्या पेशंटला नाही, जिथून आणलं तिथे परत. मावशीची पाऊण बाटली उरली होती, मी ती परत द्यायला गेले तेव्हा नर्सने वही मागून घेतली, शेवटचं पान वाचलं, म्हणाली दहापैकी दोन, आणि रजिस्टरमध्ये मिलिलिटर मोजून लिहायला लागली.